टस्कीगी वगळू नका, ताई

पत्र : मी अकोल्याची निवृत्त शिक्षिका, मराठी शिकवायचे. सध्या आम्ही दोघं मुलाकडे, अटलांटाजवळ अल्फरेटाला आलो आहोत. मेअखेरीस परत जाऊ. शेजारच्या अलाबामा राज्यात टस्कीगी आहे हे कळल्यापासून चैन पडत नाही. तिथले कृषिशास्त्रज्ञ डॉ. कार्व्हर यांची गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. मुलगा म्हणतो, तिथे पाहण्यासारखं काही नाही. त्याला रजा मिळेल दोनच दिवस, शनिवार-रविवार धरून चार. ह्यांना डोंगर, धबधबे आवडतात, पण गुडघे दुखतात, शिवाय मधुमेह आहे. दोघंही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. चार दिवसांत अलाबामातलं काय पाहावं, कधी जावं, आणि टस्कीगीचा हट्ट सोडावा का?

उत्तर :

ताई, हट्ट सोडू नका. चिरंजीवांचं म्हणणं अर्धं खरं आहे. टस्कीगी लहान गाव आहे, आणि तेवढ्यासाठी अल्फरेटाहून जाऊन-येऊन पाच तास गाडी चालवायची तर त्याला ते जड वाटणारच. पण टस्कीगी सहलीच्या सुरुवातीला ठेवलंत तर पुढचं सगळं अलाबामा त्याच्या आधाराने उलगडत जातं. या राज्याची गोष्ट मातीपासून सुरू होते, आणि अकोल्याच्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

अलाबामाच्या मध्यातून पूर्व-पश्चिम एक पट्टा जातो, त्याला तिथे ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव मुळात मातीच्या काळ्या रंगावरून पडलं. आपली काळी माती बेसॉल्टची, तिथली खडूच्या थरावर तयार झालेली. गुण मात्र ओळखीचे: पावसात फुगते, चिकटते आणि वाळली की भेगाळते. कपाशीला ती मानवली. कपाशी आली आणि ती वेचायला गुलाम केलेली माणसं आणली गेली. त्यांचे वंशज पुढे याच पट्ट्यात मताच्या हक्कासाठी चालले. माँटगोमेरी आणि सेल्मा या पट्ट्यात आहेत, टस्कीगी त्याच्या पूर्वेच्या टोकाशी. वर उत्तरेला गेलं की माती संपून लोखंडाचा लाल डोंगर लागतो, आणि त्याच्याही पुढे यजमानांच्या आवडीच्या दऱ्या.

कधी जायचं? मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा मध्य. उन्हाळ्याअखेर आणि शरदात उत्तरेकडचे धबधबे अगदी बारीक होतात, काही तर आटतात. हिवाळ्याचा पाऊस पडून गेल्यावर मार्च-एप्रिलमध्ये ते भरलेले असतात. शिवाय डॉगवूडची पांढरी फुलं याच दिवसांत. मार्चचा पहिला शनिवार-रविवार मात्र टाळा. मताच्या हक्कासाठी निघालेल्या १९६५च्या मोर्चाच्या स्मरणार्थ तेव्हा सेल्मात मोठा मेळा भरतो, रस्ते बंद असतात आणि गाडी लावायला जागा मिळत नाही.

याच दिवसांत दोन त्रास असतात. एक, पाइनचे पिवळे पराग. गाडीवर हळदीसारखा थर बसतो. कुणाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असेल तर औषध निघण्याआधीच सुरू करा. दुसरा, वादळं. मार्च ते मे हा तिथला टोर्नेडोंचा मुख्य हंगाम आहे. फोनवर ‘टोर्नेडो वॉच’ आला तर अर्थ एवढाच की हवा तशी आहे, लक्ष ठेवा. ‘वॉर्निंग’ आली तर वादळ दिसलं आहे किंवा रडारवर सापडलं आहे. त्या क्षणी पक्क्या इमारतीत, सगळ्यात खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या आतल्या खोलीत जायचं. हॉटेलात असाल तर खालच्या मजल्यावरचं बाथरूम किंवा आतला बोळ. इशारा शहराच्या नव्हे, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या नावाने येतो, म्हणून ही नावं कागदावर लिहून ठेवा: टस्कीगी मेकन काउंटीत, सेल्मा डॅलसमध्ये, बर्मिंगहॅम जेफरसनमध्ये, फोर्ट पेन डीकाल्बमध्ये. अटलांटाला लागूनही एक डीकाल्ब काउंटी आहे, तिच्याशी गल्लत होऊ देऊ नका.

वार निवडताना गुरुवार ते रविवार निवडा. माँटगोमेरीतलं मुख्य संग्रहालय आणि स्मारक सोमवार-मंगळवार बंद असतं, आणि लहान गावांत रविवारी बरंच काही बंद. दऱ्या-धबधब्यांना वार नसतो, म्हणून त्या रविवारी. वेळापत्रकं बदलतात, दुरुस्तीसाठी एखादी इमारत महिनोन् महिने बंद राहते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाची वेळ त्यांच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. चर्च आतून पाहायची असतील तर आधी नोंदणी लागते.

गुरुवार. अल्फरेटाहून सकाळी सातला निघालात तर अटलांटाच्या ऑफिसच्या गर्दीत अडकाल. एकतर सहाच्या आत निघा, नाहीतर साडेनऊनंतर. इंटरस्टेट ८५ने नैर्ऋत्येला सरळ जायचं. अलाबामात घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे साडेनऊला निघून अडीच तास गाडी चालवली तरी टस्कीगीत अकराच वाजलेले असतात. हा मिळालेला तास रविवारी परत द्यावा लागतो, ते लक्षात असू द्या. सीमेलगतची लॅनेट, व्हॅलीसारखी गावं व्यवहारात जॉर्जियाचंच घड्याळ पाळतात. ठरलेली वेळ गाठायची असेल तर फोनवर विसंबू नका, मनगटावरच्या घड्याळात अलाबामाची वेळ लावून ठेवा.

एक्झिट ३८ला बाहेर पडलात की आधी मोटन फील्ड लागतं. दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांचं पहिलं प्रशिक्षण इथे झालं. दोन हँगर, त्यांत त्या काळची विमानं, प्रवेश विनामूल्य. चिरंजीवांची कुरकुर इथेच थांबेल. तासभर पुरतो, आणि सगळं सपाटीवर आहे.

मग गावात, विद्यापीठात. १८८१ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सुरू केलेल्या या संस्थेच्या जुन्या लाल इमारती जवळून पाहा. त्यांच्या विटा विद्यार्थ्यांनी स्वतः पाडल्या, भाजल्या आणि रचल्या. वॉशिंग्टन यांचं राहतं घर ‘द ओक्स’ही तसंच उभं राहिलं. प्रांगणात त्यांचा पुतळा आहे: एका माणसाच्या डोक्यावरून ते कापड वर उचलतायत, आणि तो माणूस नांगर-ऐरणीशेजारी बसलेला आहे. पुतळा १९२२चा. आपल्याकडच्या फुले दाम्पत्याच्या कामाची आठवण तुम्हाला इथे येईलच.

कार्व्हर संग्रहालय ज्या इमारतीत आहे ती पूर्वी संस्थेचं धुलाईघर होती. इथे भव्य काही शोधू नका, नाहीतर निराश व्हाल. बारीकसारीक वस्तू बघा: शेंगदाण्यापासून आणि रताळ्यापासून केलेल्या पदार्थांच्या बाटल्या, अलाबामाच्या मातीतून काढलेले रंग, त्यांनी स्वतः केलेलं विणकाम. चित्रं थोडीच दिसतील, कारण १९४७च्या आगीत त्यांची बरीच चित्रं जळाली. ‘जेसप वॅगन’ची माहिती मात्र नीट वाचा. शेतकरी शाळेपर्यंत येऊ शकत नाही म्हणून १९०६ साली घोडागाडीवर अवजारं, बियाणं आणि नमुने चढवून शाळाच बांधावर नेली होती. आपल्याकडे कृषी विभागाची गाडी गावात येते, त्याच कल्पनेचा हा जुना अवतार.

वर्गात सांगताना एक दुरुस्ती करत चला. पीनट बटरचा शोध कार्व्हरांनी लावलेला नाही, ते त्यांच्याआधीपासून होतं. त्यांचं मोठं काम बेवडाचं, म्हणजे पिकांच्या फेरपालटीचं. १८९६ला ते आले तेव्हा कपाशीवर कपाशी घेऊन जमीन निकस झाली होती. चवळी, भुईमूग घ्या, त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, मग कपाशी घ्या, आणि विकत खत परवडत नसेल तर पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ कुजवून घाला, हे त्यांनी साध्या भाषेतल्या पत्रकांतून सांगितलं. शेतकऱ्याने भुईमूग लावला तर त्याचं करायचं काय, हा पुढचा प्रश्न होता, आणि ती शेकडो पदार्थांची यादी त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आली. त्याच सुमारास दक्षिणेत बोल वीव्हिल पसरला. तो आपल्या बोंडअळीसारखी अळी नव्हे, सोंडेचा भुंगा. त्याने कपाशी खाल्ली आणि लोकांना दुसऱ्या पिकाकडे वळणं भाग पडलं.

संस्थेच्या स्मशानभूमीत वॉशिंग्टन यांच्या शेजारीच कार्व्हरांची कबर आहे, ५ जानेवारी १९४३ ही मृत्यूची तारीख. दगडावर कोरलंय त्याचा आशय असा: कीर्तीबरोबर संपत्तीही मिळवता आली असती, पण दोन्हींची पर्वा न करता जगाच्या उपयोगी पडण्यातच त्यांनी आनंद आणि मान मिळवला. इथे घाई करू नका. विद्यापीठ चालू असतं, त्यामुळे गाडी पाहुण्यांच्या जागीच लावा, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

टस्कीगीच्या नावाला एक जखमही आहे. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने इथल्या सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा ‘अभ्यास’ केला. त्यांतल्या ३९९ जणांना तो आजार होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिलं नाही. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. गावातल्या इतिहास केंद्रात याची नोंद आहे, उघडं असेल तर पाऊण तास द्या. आणि बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचा जन्मही टस्कीगीतलाच, १९१३चा. त्यांच्या मागोमाग तुम्ही आज संध्याकाळीच माँटगोमेरीत असाल. चाळीस मैल, पाऊण तास. दोन रात्री तिथेच राहा, रोज बॅगा भरायला नकोत. हॉटेल जुन्या शहराच्या मध्यात घ्या.

शुक्रवार. गुलामगिरी आणि तिच्यानंतरच्या अन्यायाचा इतिहास सांगणारं लेगसी म्युझियम सकाळी नऊला उघडताच आत जा. पाच डॉलरच्या एकाच तिकिटात संग्रहालय, शांतता आणि न्यायाचं राष्ट्रीय स्मारक आणि नदीकाठचं शिल्पउद्यान, तिन्ही येतात आणि एकातून दुसरीकडे न्यायला बस असते. आत फोटो काढता येत नाहीत, मोठी बॅग नेऊ नका. तीन तास लागतात, आणि बराच वेळ उभं राहावं लागतं. व्हीलचेअरची चौकशी आधी फोनवर करा किंवा घडीची काठी-खुर्ची गाडीत टाका. गुडघा चालण्यापेक्षा उभं राहण्याने जास्त भरतो.

तिथे काचेच्या बरण्यांची एक भिंत आहे. प्रत्येक बरणीत माती, आणि काचेवर नाव, गाव, तारीख. ज्या कृष्णवर्णीय माणसाला झुंडीने जिथे ठार मारलं, त्या जागेवरून त्याच्या गावच्या लोकांनी खणून आणलेली माती. कुठे लाल, कुठे तपकिरी, कुठे आपल्यासारखी काळी, काहींत बारीक मुळंही दिसतात. काल टस्कीगीत जी माती सुधारण्याची धडपड पाहिली, तीच ही. म्हणून म्हटलं, आधी टस्कीगी.

संग्रहालयातून लगेच स्मारकावर जाऊ नका. दोन्ही लागोपाठ केली की माणूस सुन्न होतो आणि दुसऱ्या ठिकाणी नुसताच फिरतो. मधे जेवा, यजमानांची साखर बघा, खोलीवर तासभर पडा. तीनच्या सुमारास स्मारकावर जा. सहा एकरांची टेकडी, चढ सौम्य पण सलग. गंजलेल्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी खांब, एकेक काउंटीचा एकेक, त्यांवर १८७७ ते १९५० या काळात झुंडींकडून मारल्या गेलेल्या ४,४००हून अधिक लोकांची नोंद. सुरुवातीला खांब आपल्यासमोर उभे असतात, नावं वाचता येतात. मग पायाखालची वाट हळूहळू खाली उतरते, खांब मात्र त्याच उंचीला राहतात, आणि थोड्या वेळाने ते डोक्यावर टांगलेले असतात. या उतारावर यजमानांना कठड्याच्या बाजूने चालू द्या.

शिल्पउद्यान दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका, जमणार नसेल तर सोडा. जमलं तर तिथली ४३ फुटी भिंत पाहा: १८७०च्या जनगणनेत मुक्त झालेल्या माणसांनी पहिल्यांदाच सरकारदरबारी नोंदवलेली सुमारे १,२२,००० आडनावं तिच्यावर आहेत.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर डेक्स्टर अव्हेन्यू. खालच्या टोकाला कारंज्याचा चौक. गुलामांचा बाजार इथे भरे, आणि १ डिसेंबर १९५५ला रोझा पार्क्स याच चौकात बसमध्ये चढल्या. त्यांच्या अटकेनंतरचा बसबहिष्कार ३८१ दिवस चालला. वरच्या टोकाला कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधानभवन. त्याच्या पायऱ्यांवर पितळी तारा आहे: १८६१ साली गुलामगिरी राखण्यासाठी फुटलेल्या राज्यांच्या अध्यक्षाने तिथे शपथ घेतली. त्या पायऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर लाल विटांचं चर्च, जिथे मार्टिन ल्यूथर किंग १९५४ ते १९६० पाद्री होते. १९५९ साली ते महिनाभर भारतात येऊन गेले आणि मुंबईत मणिभवनात राहिले, तेव्हाही ते याच चर्चचे पाद्री होते. रस्ता चढाचा आहे. यजमानांना गाडीने वर सोडा आणि तुम्ही दोघं खालून चालत या.

शनिवार. महामार्ग ८०ने पश्चिमेला सेल्मा, पन्नास मैल. १९६५चे मोर्चेकरी याच रस्त्याने उलट दिशेने आले होते. निम्म्या वाटेवर लाउंड्स काउंटीत राष्ट्रीय उद्यान सेवेचं केंद्र आहे, स्वच्छतागृहासाठी तरी थांबाच. सेल्मात गेल्यावर पडकी दुकानं बघून नाराज होऊ नका. गाव गरीब आहे, आणि जानेवारी २०२३च्या टोर्नेडोने त्याचं आणखी नुकसान केलं.

एडमंड पेटस पूल गाडीतून ओलांडलात तर काहीच कळणार नाही. गावाच्या बाजूला गाडी लावा आणि चालत निघा. लांबी सुमारे ३८० मीटर. पूल मधे उंच आहे, त्यामुळे गावाच्या बाजूने चढताना पलीकडचं टोक दिसतच नाही, समोर नुसती कमान आणि आकाश. ७ मार्च १९६५ला सहाशे माणसं अशीच दोनदोनच्या रांगेत चढली, आणि माथ्यावर पोचल्यावर त्यांना खाली काठ्या घेऊन उभे असलेले पोलीस दिसले. माथ्यापर्यंत गेलं तरी पुरे, यजमानांनी तिथून परतावं. पदपथ अरुंद आहे, शेजारून ट्रक जातात, कठड्याकडूनच चाला. दोन आठवड्यांनी निघालेला मोर्चा ५४ मैल चालून २५ मार्चला कालच्या त्या कॅपिटॉलसमोर पोचला, आणि ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. पुलाला अजूनही गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचंच नाव आहे.

तिथून बर्मिंगहॅम पावणेदोन तास. साडेअकराला निघा. लोखंडाचा दगड, कोळसा आणि चुनखडी या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडल्या म्हणून १८७१ साली वसलेलं हे शहर. स्लॉस भट्ट्या १८८२ ते १९७१ चालल्या, आता त्या गंजलेल्या यंत्रांतून फिरता येतं. जमीन खडबडीत आहे, यजमानांना नसेल जमत तर सोडून द्या. सोळाव्या रस्त्यावरचं चर्च आणि समोरचं केली इनग्रॅम पार्क मात्र सोडू नका. १५ सप्टेंबर १९६३च्या रविवारी या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांच्या बॉम्बने चार कृष्णवर्णीय मुली मारल्या गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या, एक अकरा. पार्कात वाटेच्या दोन्ही बाजूंनी भिंतीतून झेपावणारे पोलादी कुत्रे आहेत आणि वाट त्यांच्यामधूनच जाते. समान हक्कांच्या मोर्चातल्या ज्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले त्यांना काय वाटलं असेल ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. दिवस मावळताना रेड माउंटनवर लोहारकामाचा रोमन देव व्हल्कन याचा ५६ फुटी ओतीव लोखंडाचा पुतळा. वर जायला लिफ्ट आहे, पण सज्जाची जमीन जाळीची असल्याने खालचं दिसतं. उंचीची भीती असेल तर खालच्या बागेतूनही शहर छान दिसतं.

रविवार यजमानांचा. इंटरस्टेट ५९ने ईशान्येला दीड तास, एक्झिट २१८, फोर्ट पेन. पेट्रोल आणि पाणी इथेच भरून घ्या, वर काही मिळत नाही, फोनही धड लागत नाही. मार्ग ३५ने लुकआउट माउंटन चढला की लिटल रिव्हर लागते. बहुतेक नद्या दरीतून वाहतात, ही जवळजवळ सगळी डोंगराच्या माथ्यावरून वाहते आणि वालुकाश्म कापत सहाशे फुटांहून खोल दरी करते. पुलालगतच लिटल रिव्हर फॉल्स आहे. ४५ फूट, वाहनतळावरून थोडंसंच चालायचं. ओल्या खडकावर कुणीही उतरू नका. शेवाळ दिसत नाही आणि धबधब्याखाली ओढ जबर असते.

मग मार्ग १७६, दरीच्या कडेने अकरा मैल. गुडघ्यांसाठी याहून सोयीचा निसर्ग सापडणं कठीण: गाडी थांबवा, पंधरा-वीस पावलं चाला, दरी समोर. वाटेत एक मोठी भूछत्रासारखी शिळा रस्त्याच्या मधोमध आहे, रस्ताच तिला दोन्हीकडून वळसा घालून जातो. ग्रेसेस हाय फॉल्स १३३ फुटांचा, पण पलीकडच्या कड्यावर, म्हणून दुर्बीण घ्या. हा पावसावरचा धबधबा, आधीच्या आठवड्यात पाऊस नसेल तर नुसती ओली रेघ दिसते. सगळ्याच ठिकाणी कठडा नाही. झुडपांत तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, ‘पॉइझन आयव्ही’ने आठवडाभर खाज सुटते. अकरा मैलांनंतर रस्ता खराब होत जातो, तिथून मागे फिरा. वेळ उरला तर मेंटोनजवळचा १०४ फुटी डिसोटो फॉल्स बघा.

फोर्ट पेनमध्ये ताईंसाठीही काही आहे. हे पूर्वीचं चेरोकी या मूळनिवासी लोकांचं विल्सटाउन. सिक्वोया नावाचा कारागीर इथे राहिला. त्याला कोणतीच भाषा वाचता येत नव्हती. गोरे लोक कागदावर बोलतात एवढं पाहून त्याने १८२१च्या सुमारास आपल्या भाषेची लिपी पूर्ण केली. एका खुणेला एक अख्खं अक्षर, आपल्या क, कि, कु सारखं, पण मात्रा नाहीत, प्रत्येकाची खूण वेगळी. अशी ८६ चिन्हं. काही वर्षांतच लोक ती शिकून वाचू लागले. आणि १८३८ साली याच गावात किल्ला बांधून त्याच लोकांना डांबलं आणि पश्चिमेला हाकललं.

फोर्ट पेनहून तीनला निघा. अल्फरेटाला पोचाल तेव्हा तिथल्या घड्याळात साडेसहा वाजलेले असतील.

जेवणाचं. दक्षिणेत ‘मीट अँड थ्री’ची खानावळ असते: एक मांस, तीन भाज्या. नुसत्या भाज्यांची थाळीही मागता येते, पण कोलार्डची पालेभाजी आणि घेवडे बहुधा डुकराच्या हाडावर शिजवतात, मक्याच्या पावातही चरबी किंवा अंडं असतं. ‘व्हेजिटेरियन आहे का’ असं विचारलंत तर हो म्हणतील, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच. ‘यात हॅम, बेकन, चिकनचं पाणी किंवा अंडं आहे का’ असं नाव घेऊन विचारा. माँटगोमेरी आणि बर्मिंगहॅममध्ये भारतीय जेवण मिळतं, पण टस्कीगी, सेल्मा आणि दरीच्या दिवसासाठी दशम्या, चटणी, खाकरे, दही सोबत ठेवा. यजमानांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: तिथे ‘टी’ म्हणजे बर्फाचा, पाकासारखा गोड चहा. मागताना ‘अनस्वीट’ म्हणायचं. रविवारी चर्च सुटल्यावर बारा ते दोन खानावळी भरलेल्या असतात, अकरालाच जेवून घ्या. इन्शुलिन असेल तर बंद गाडीत ठेवू नका. रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा विकतात, त्या अगदी आपल्यासारख्याच. मसाल्याच्या आणि हॅमच्या स्वादाच्याही असतात, म्हणून साध्या मिठाच्या मागा.

समुद्रकिनारा, हंट्सव्हिलचं अंतराळ केंद्र, मूंडव्हिलच्या प्राचीन टेकड्या, हे सगळं चांगलं आहे, पण या चार दिवसांत कोंबू नका. रविवारी धो धो पाऊस असेल तर दरीऐवजी वुडव्हिलजवळची कॅथीड्रल कॅव्हर्न्स ही गुहा करा. तिचं तोंडच १२६ फूट रुंद, आतली वाट रुंद आणि बांधलेली, चढउतार आहेत पण शिड्या नाहीत. मार्गदर्शकाबरोबर दीड तास लागतो, बारा महिने आत पंधरा-सोळा अंश सेल्सियस, म्हणून स्वेटर हवा. गुहेतून नदी वाहते आणि फार पाऊस झाला की फेऱ्या बंद ठेवतात. तेव्हा बर्मिंगहॅम सोडण्याआधी फोन करून विचारा, आणि घरी पोचायला रात्र होईल हे धरून चाला.